चौदा नंबरचं बिऱ्हाड

३ फेब्रुवारी, सोमवार

मीच मारलं त्याला. माझ्या या दोन हातांनी.

सकाळी नेहमीसारखी मीच पहिली पोहोचले. प्रयोगशाळेचं दार उघडलं तर चपलेखाली पाणी! मोठा डीप फ्रीजर बंद पडलेला. शुक्रवारी संध्याकाळी कधीतरी पडला असणार – शनिवार-रविवार कुणी फिरकलं नाही. जिथे उणे ऐंशी असायला हवं तिथे हात घातला तर कोमट. आणि वास! उभा जन्म लोकांची शी तपासण्यात गेला माझा, मला वासाचं काही नाही. पण हा वास मलाही नको झाला. खालच्या खणात रुग्णांचे नमुने होते ना.

नियम स्पष्ट आहे. रुग्णांच्या नमुन्यांसोबत वितळलेलं सगळं धोक्याचं – सगळं ऑटोक्लेव्हमध्ये. अवाढव्य प्रेशर कुकरच तो. त्यात गेलेलं काही जिवंत बाहेर येत नाही.

बाह्या सरसावल्या आणि लागले कामाला. डॉक्टर यायच्या आत फरशी कोरडी, फ्रीजर आतून-बाहेरून पुसलेला, डबे सगळे वाफेत. मिशनच्या शाळेतली आमची सिस्टर खूश झाली असती. आपला पसारा दुसऱ्याला दिसता कामा नये, हे तिनेच हाडात भिनवलंय. चौदा नंबरचा डबाही घातला मी आत. घालताना हात अडखळला, पण म्हटलं, चौदाचा दुसरा डबा शेजारच्या फ्रीजरमध्ये असतोच.

असतो. पण गेल्या आठवड्यात त्या फ्रीजरमधला बर्फ खरवडायचा होता म्हणून तो डबा इकडे आणला होता. कुणी? मीच. परत ठेवायचा राहिला.

डॉक्टर आली. रिकामा खण पाहिला. ऑटोक्लेव्हकडे पाहिलं. "काकू… चौदा?"

ती मटकन बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "वितळले म्हणजे सगळे मेले असं नसतं, काकू. दोन-चार तरी तग धरून असते. खायला-प्यायला घातलं असतं तर उठून बसले असते."

आणि मग माझ्याच पाठीवरून हात फिरवला. माझ्याच!

काढलेल्या दाढेची जागा ठसठसते आहे. बरं आहे. ठसठसू दे.

४ फेब्रुवारी

चौदा म्हणजे काय हे कुठे लिहून ठेवलेलंच नाही मी. आज लिहिते. नाहीतर कुणाला वाटेल, बाई एका नळीसाठी रडली.

लेक पाच महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. संस्थेला अंगावर पिणाऱ्या धडधाकट बाळांची शी हवी होती – पोटातले गुणी जंतू शोधायला. बाहेर विचारायला गेलं की बायका तोंडावर दार लावून घ्यायच्या. मग ज्यांच्या ज्यांच्या घरी पाळणा हलत होता त्या आम्हीच आपापले लंगोट घेऊन हजर झालो. मी माझ्या जेवणाच्या डब्याच्या वरच्या पुडात नेला होता. दारावरचा रखवालदार म्हणाला, "आज काय विशेष, बाई?" मी म्हटलं, "ताजं आहे, देऊ का?" डबा उघडून दाखवायला निघाले तसा तो चार पावलं मागे!

चौदावा नमुना माझ्या लेकाचा. त्यात जो जंतू सापडला तो चौदा नंबर. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही त्याच्याकडे. वर्षानुवर्षं पडून होता गारठ्यात. दर काही वर्षांनी मी त्याला बाहेर काढायची, ऊब द्यायची, खायला घालायची, आणि ताजातवाना झाला की नव्या नळीत परत निजवायची. ड्यूटीच होती ती माझी. पण नळीचं झाकण लावताना मी "नीज हं" म्हणायची, ते काही ड्यूटीत नव्हतं.

मग ही पोर आली. डॉक्टर. माझ्या लेकाहूनही लहान. हिचं वैर जिआर्डियाशी. हा परजीवी पाण्यातून, नाहीतर नीट न धुतलेल्या हातांतून पोटात शिरतो आणि आतड्याला चिकटून बसतो. पाळणाघरातली मुलं तर खेळणं द्यावं तसा एकमेकांना देतात. पोट ढोल, शी पातळ, खाल्लेलं अंगी लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला दोन डोळे दिसतात – आपल्याकडेच टकामका बघतोय असं वाटतं. माझ्याइतके ते डोळे कुणी पाहिले नसतील. औषध आहे, पण औषध संपलं की स्वारी पुन्हा हजर.

डॉक्टर म्हणाली, खोली रिकामी ठेवली तर कुणीही घुसणार. आधीच चांगलं बिऱ्हाड बसवून ठेवू या. फ्रीजरमधले सगळे गुणी जंतू तिने एकेक करून उंदरांना पाजले, आणि मग त्यांना जिआर्डिया दिला. बहुतेक जंतू नुसते नावाचे गुणी! पण चौदा ज्यांना पाजला त्या उंदरांत जिआर्डिया टिकेना. कुठेतरी एखादा सापडायचा, तोही मरगळलेला. स्लाइड मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. माझं बाळ!

जूनपासून चौदा खऱ्या मुलांना द्यायचा होता. पाळणाघरं ठरली होती, मंजुरी आली होती. आता चौदाच नाही तर अभ्यास नाही. आणि अभ्यास नाही तर डॉक्टरची नोकरी नाही – ती करारावर आहे. मी मार्चअखेर निवृत्त. छान निरोप दिला मी सगळ्यांना.

५ फेब्रुवारी

फ्रीजर बिघडला की फोनवर घंटी वाजते म्हणे. मग वाजली का नाही? आज उलगडा झाला. वाजली! रात्रंदिवस वाजली! नंबर आमच्या जुन्या स्टोअरवाल्या अण्णांचा होता. ते निवृत्त झाले तरी कुणी बदलला नाही.

मी फोन केला तर अण्णा म्हणाले, "हो हो, एक बाई सारखी सांगत होती – तापमान वाढले आहे, तापमान वाढले आहे. मला वाटलं औषधवाल्यांची जाहिरात. तिसऱ्यांदा मी तिला म्हटलं, बाई गं, मला ताप नाही, झोपू दे."

हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी.

७ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांनी डॉक्टरला बोलावलं. आतून आवाज येत होता – "दुसऱ्या संस्थेत एक प्रत ठेवायला काय झालं होतं?" त्याचा कागद साहेबांच्याच टेबलावर दोन महिने पडून होता. ती काही बोलली नाही त्यावर. माझं नावसुद्धा घेतलं नाही. "फ्रीजर बिघडला" एवढंच.

चौदाची सगळी कुंडली संगणकात आहे. तो कुठे दिसला तर यंत्र लगेच ओळखेल. पण कुंडलीवरून माणूस कसा उभा करणार?

दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. "काकू, हे जंतू बाळ घेऊन येत नाही. आईकडून मिळतात. घराण्यात राहतात, दागिन्यांसारखे. तुमच्या लेकाला चौदा कुठून मिळाला असेल?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड. "माझ्याकडून!"

"मग उद्या सुट्टी असली तरी डबी आणा."

इतक्या वर्षांनी पुन्हा डबा घेऊन यायचं. रखवालदार नवा आहे, याला काही सांगणार नाही.

११ फेब्रुवारी

माझ्यात नाही.

जंतू वाढवायच्या प्लेटवर नावालाही ठिपका नाही. डॉक्टर म्हणाली, "इतकं साफ पोट कसं काय?" आणि मग दोघींच्याही एकदम लक्षात आलं – दाढ! दंतवैद्याने आठवडाभर अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या होत्या. वाईट जंतू मारायला दिलेल्या गोळ्या चांगल्यांना विचारत बसत नाहीत. जानेवारीपर्यंत तो माझ्यात असेलही. एका किडक्या दाढेपायी गेला.

एकदा वाफेने मारला, एकदा गोळ्यांनी. वा गं बाई!

डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमचे चिरंजीव कुठे असतात?"

१२ फेब्रुवारी

इथून मोटारीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असतात आमचे चिरंजीव. हिशेब तपासनीस. शर्टाला घडी अशी की बोट कापेल. दर रविवारी फोन करतो. "जेवलीस?" "जेवले." "गुडघा?" "आहे." "बरं, ठेवतो." चार वर्षं असंच चाललंय.

त्याला काय सांगू, तुझी शी दे? ज्याने मला चमच्यावरून…

ते पण लिहूनच टाकते.

बुटकी, माझी नात, दिवस भरायच्या आधीच झाली. काचेच्या पेटीत होती, मुठीएवढी. घरी आली तेव्हा लेक घरात येणाऱ्या प्रत्येकाला आधी हात धुवायला पिटाळायचा. पोस्टमनलासुद्धा! मला ते आवडायचं. 'सिस्टर साबण'च आठवायची – आम्ही मुलींनी शाळेतल्या सिस्टरला ठेवलेलं नाव ते. जेवणाआधी रांगेत उभं करून नखं बघायची, तळवे हुंगायची. पण तीच सिस्टर, कुणी मुलगी आजारी पडली की खाटेशी बसून सूप भरवायची. प्रत्येक चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावून बघायची, पोळणार तर नाही ना. माझी आई मला आठवत नाही. आईपण म्हटलं की मला तो ओठाला लावलेला चमचा दिसतो.

शाळेतून निघताना आपापला चमचा घरी न्यायची मुभा होती. देठावर माझा वसतिगृहातला आकडा कोरलेला. त्याच चमच्याने लेकाला भरवलं. बुटकी वरचं खायला लागली तेव्हा सूनबाईच्या मदतीला गेले, तर तोच चमचा पिशवीत. भाताची पेज, उकडलेलं गाजर – ओठाला लावायचं आणि तिच्या तोंडात. ती ओठांचा चंबू करून वाट बघायची. महिना कसा गेला कळलं नाही.

एक दिवस लेक लवकर घरी आला. दारातूनच ओरडला, "आई! तुझा उष्टा चमचा तिच्या तोंडात? तू तरी? जंतूंच्या कारखान्यात आयुष्य काढलंस आणि एवढं कळत नाही?" मी चमचा खाली ठेवला. सूनबाई गाजराकडे बघत राहिली. "हे या घरात चालणार नाही," असंही म्हणाला.

तो रागावला नव्हता, घाबरला होता. काचेची पेटी त्याच्या डोळ्यांसमोरून गेलीच नव्हती. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी लागलं. दोन दिवसांनी रजा संपली असं सांगून निघून आले. संपली नव्हती.

त्यानंतर राहायला गेले नाही. त्यांनी बोलावलं नाही असं नाही. बोलावलं, पण… असो.

१३ फेब्रुवारी

केला फोन! मनात चार वाक्यं जुळवून ठेवली होती, पण त्याचा आवाज ऐकला आणि सगळी पळाली.

"अरे, ऐक. मला तुझी शी हवी आहे."

ऐकू आलं नसेल म्हणून आणखी मोठ्याने म्हटलं,

"थोडीशीच. डबीभर."

"आई," अगदी बारीक आवाजात, "मी मीटिंगमध्ये आहे. तू स्पीकरवर आहेस."

मागे कुणीतरी खोकलं. कुणीतरी फार जोरात खोकलं.

फोन बंद.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज त्याचा फोन नाही. चार वर्षांतला हा पहिला रविवार. फोन घेऊनच बसले होते. भाजी निवडतानाही मांडीवर.

संध्याकाळी सूनबाईचा आला. आवाजावरूनच कळलं, आधी हसून घेतलंय पोरीने. "आई, काय केलंत हो! ऑफिसात सगळे यांना 'डबीभर' म्हणायला लागलेत. साहेबसुद्धा." मी चौदाचं सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. म्हणाली, "यांना ठाऊक आहे का, की चौदा म्हणजे ते स्वतः?" मी म्हटलं, लहानपणी सांगितलं होतं, तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता.

मग इकडचं-तिकडचं. तिचीही धांदल चालू आहे. "बुटकीच्या पाळणाघरात पोटाची साथ आहे हो. तुमचाच तो जिआर्डिया. सगळी पोरं तपासली, एकूणएक सापडली. आमची बुटकी तेवढी सुटली – दोनदा तपासून घेतली, काही नाही. उलट दुप्पट जेवतेय!"

मी म्हटलं, नजर नको लागायला कुणाची.

२० फेब्रुवारी

डॉक्टर दुसरीकडे नोकरीचे अर्ज करते आहे. मला दिसू नये म्हणून पडदा फिरवून घेते संगणकाचा. मी चहा ठेवला आणि परत फिरले.

पिंजऱ्यातल्या उंदरांना आज मीच खायला घातलं. एक जण मिशा हलवत बघत होता. "संपलं रे बाबा तुमचंही काम," म्हटलं त्याला.

२३ फेब्रुवारी, रविवार

आले! न सांगता!

बेल वाजली, दार उघडलं तर लेक. हातात आईस्क्रीमचा थंड डबा, शरीरापासून हातभर लांब धरलेला. चेहरा असा, जणू बॉम्ब घेऊन आलाय. मागून बुटकी. तिच्याही हातात डबी, वर चांदणीचं स्टिकर.

"आई, बोलू नकोस काही," लेक म्हणाला. "फक्त कुठे द्यायचं ते सांग."

"बाबांनी आणली ना, मग मी पण आणली," बुटकी म्हणाली. "माझी जास्त आहे."

"गाडीत बसायलाच तयार नव्हती, डबी घेतल्याशिवाय. मी काय करू?" लेक भिंतीकडे बघून म्हणाला. कान लाल. लहानपणी व्हायचे तसेच.

डॉक्टरला फोन केला. ती ओल्या केसांनीच प्रयोगशाळेत हजर. लेकाने तिच्या हाती डबा दिला तो एखादा दस्तऐवज द्यावा तसा, दोन्ही हातांनी. तिनेही तितक्याच गंभीरपणे घेतला. मग खाली वाकून बुटकीला म्हणाली, "आणि बाईसाहेब, आपलं?" बुटकीने डबी पुढे केली. डॉक्टरने तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, विचारलं, "नाव काय लिहू?" "बुटकीच लिही. चांदणी काढू नको." चिठ्ठी चांदणीच्या बाजूला लावली तिने. मला वाटलं, पोरीचं मन राखतेय.

ती आत कामाला लागली तोवर मी लेकाला प्रयोगशाळा दाखवली. पाच वर्षांचा असताना आला होता शेवटचा. बुटकीला स्टुलावर उभी करून सूक्ष्मदर्शकातून जिआर्डिया दाखवला – मेलेला, रंग दिलेला. "हा हसतोय!" म्हणाली. मग तोंड वाकडं केलं. "पण वाईट्ट आहे का?" "वाईट्ट," मी म्हटलं. "माझ्या पाळणाघरात सगळ्यांच्या पोटात आहे. मला नाही आला. मी त्याला येऊच नाही दिला."

लेक नव्या फ्रीजरपाशी थांबला होता. दार उघडून दाखवलं. पांढरी वाफ बाहेर आली. वरच्या खणात चौदाच्या डब्याची जागा मी रिकामीच ठेवली आहे.

"इथे होतो मी?"

"जुन्या फ्रीजरमध्ये. पण हाच खण."

त्याने रिकाम्या जागेपाशी हात नेला, गारठ्याने मागे घेतला. मग म्हणाला, "थंडी वाजली असेल."

मी म्हटलं, "मधून मधून बाहेर काढायची मी तुला." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठाऊक आहे. बाबांनी सांगितलं होतं. नीज हं म्हणायचीस."

हे जाऊनही किती वर्षं झाली! आणि मला पत्ता नाही की यांना ठाऊक होतं. दारामागून ऐकलं असणार कधीतरी. घ्यायला यायचे ना मला.

मुक्काम केला नाही त्यांनी. उद्या ऑफिस. निघताना बुटकीने माझ्या ताटातला घास मागितला. मी हात आवरला. लेकाकडे पाहिलं. तो गाडीची किल्ली शोधत होता – नाहीतर तसं दाखवत होता. मी नवा चमचा घेतला.

२५ फेब्रुवारी

प्लेट उबेला ठेवल्या आहेत, हवा काढलेल्या डब्यात. या जंतूंना प्राणवायू सोसत नाही. डबा मध्येच उघडायचा नाही. मी दर तासाला काचेतून डोकावते. काही दिसत नाही, दिसायचंही नसतं.

पोरगा आला! स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या मांडीशी डबा ठेवून. चौदा मिळो न मिळो.

नाही, असं नाही म्हणायचं. मिळायला हवा. डॉक्टर आज जेवली नाही.

२७ फेब्रुवारी

लेकात नाही.

मला भीती होतीच. लहानपणी सारखे कान फुटायचे त्याचे. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक. शाळेत जायच्या आतच चौदा त्याला सोडून गेला असणार. डॉक्टरलाही ठाऊक होतं, मी सांगितलं होतं. तरी आशा.

ती म्हणाली, "बसा, काकू." मी बसले. मग तिने आपला चहाचा मग धुतला, पुसला आणि पिशवीत घातला. घरी न्यायला.

मला ते बघवेना. उठून हात धुवायला गेले. साबण घेऊन धुतच राहिले.

१ मार्च, शनिवार

सुट्टी असून डॉक्टरचा फोन. "काकू, आत्ता या."

"काय झालं?"

"या तर!"

गेले. केस विस्कटलेले तिचे, डोळे हे एवढे. एक वेगळीच प्लेट समोर. मी म्हटलं, ही कुणाची? तिने प्लेट उलटी केली. मागे चिठ्ठी – बुटकी. चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेनाने काढलेली चांदणी.

"सहज लावली होती, वेगळ्या डब्यात; कालच उघडली. तिला शब्द दिला होता ना."

प्लेटभर ठिपके. चमकदार, घुमटासारखे, कडेला थोडे पिवळसर. मला यंत्राची गरजच नव्हती. इतकी वर्षं ज्याला न्हाऊ-माखू घातलं त्याला मी ओळखणार नाही? पण तिने यंत्रही लावलं होतं, रात्रभर थांबून. कुंडली जुळली. अक्षर न अक्षर.

चौदा!

आम्ही दोघी त्या प्लेटवर वाकून बघत राहिलो. मग ती मला मिठी मारून रडली. पोरच ती.

आणि मला सूनबाईचे शब्द आठवले – एकूणएक सापडली, बुटकी तेवढी सुटली. जन्मभर हेच काम केलं आणि मला सुचलं नाही! पाळणाघरभर जिआर्डिया, आणि माझी मुठीएवढी पोर स्टुलावर उभी राहून सांगते, मी त्याला येऊच नाही दिला.

डॉक्टरला सांगितलं तर म्हणाली, "एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, काकू." डोळे पुसले. "पण जूनमध्ये बघू या ना!"

मग तिने बोटावर मोजत विचार केला. "चिरंजीवांकडे लहानपणापासून नाही, म्हणजे त्यांच्याकडून नाही. सूनबाई दुसऱ्या घरच्या. राहिलात तुम्ही. तुमच्याकडे दाढेच्या गोळ्यांपर्यंत असणार. बाळ लहान असताना तुम्ही तिच्याजवळ होतात का?"

"महिनाभर," मी म्हटलं.

"तेवढं पुरे. पण पोहोचला कसा?"

मी म्हटलं, काय माहीत. आणि काम काढून पुढच्या खोलीत गेले.

२ मार्च, रविवार

त्याचा नेहमीचा फोन. सांगितलं. बुटकीत चौदा सापडला, डॉक्टर वापरायची परवानगी मागते आहे. "हो, दे म्हणावं," लगेच म्हणाला. मग जरा थांबून, "पण माझ्यात नाही म्हणालीस ना?"

"नाही."

"मग तिला कुठून?"

फोन दुसऱ्या कानाला लावला मी. "डॉक्टर म्हणते, घरातूनच."

त्याचं डोकं हिशेबाचं. पलीकडे तो बेरीज मांडतोय हे मला इथे ऐकू येत होतं. सूनबाई मागून काहीतरी बोलली.

"बरं," म्हणाला. "ठेवतो."

गुडघ्याचं विचारलं नाही.

कशाला सांगितलं मी! जुनी जखम. त्याला वाटेल, आई बरोबर ठरायला फोन करते. मला बरोबर ठरायचं नाही रे. मला फक्त…

५ मार्च

आज चौदा पुन्हा नळ्यांत निजवला. तीन फ्रीजर, तीन डबे, तिसरा दुसऱ्या संस्थेत – साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. घंटीचा नंबरही बदलला. अण्णांना कळवलं, तर म्हणाले, "अरेरे, ती बाई आता फोन करणार नाही?"

डॉक्टरचा चहाचा मग परत टेबलावर.

पहिलं झाकण लावताना तिने मला ऐकलं. मग दुसऱ्या नळीला तीच म्हणाली, "नीज हं."

९ मार्च, रविवार

सकाळी सकाळीच फोन. 'जेवलीस?' नाही, 'गुडघा?' नाही.

"आई, एकतीसला तू सुटतेस ना?"

"हो."

"मग एक तारखेला मी न्यायला येतो. राहायला ये. घाईने परत जायचं नाही."

मागे बुटकी ओरडत होती, आजीला मी सांगणार, मी सांगणार! त्याने तिला दिला नाही फोन. त्याला अजून काहीतरी सांगायचं होतं. लहानपणी चूक झाली की घसा साफ करायचा, तसा साफ केला.

"आणि आई – तो तुझा चमचा घेऊन ये."